आधी शून्य बघ!

परवा आमच्या चौथीच्या वर्गात एका पेन्सिलीवरून भांडण झालं. पेन्सिल कुणाची यावरून नव्हे बरं का! पेन्सिल किती लांब, यावरून.

गणिताचा तास होता. मी एक नवी कोरी पेन्सिल पहिल्या बाकावर दिली आणि म्हटलं, "आपापल्या पट्टीनं मोजा, वहीत लिहा आणि मागच्या बाकावर द्या." पहिल्या बाकावरच्या मुलीनं लिहिलं, १४ सेंटीमीटर २ मिलिमीटर. तिच्या मागच्यानं लिहिलं, १४ सेंटीमीटर ४ मिलिमीटर. तिसऱ्यानं तर १५ सेंटीमीटर २ मिलिमीटर! एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाता जाता पेन्सिल चक्क एक सेंटीमीटर वाढली!

"बाई, ह्याला मोजताच येत नाही!"

"बाई, हिचीच पट्टी खोटी आहे!"

मी पट्ट्या मागवल्या. दुसऱ्या मुलाची पट्टी मधल्या सुट्टीत तलवार म्हणून वापरून वापरून टोकाला झिजली होती. शून्याची रेघच गायब! त्यानं पेन्सिल पट्टीच्या टोकाला लावली, आणि झिजलेले दोन मिलिमीटर फुकटात पेन्सिलीला मिळाले. तिसऱ्या मुलाची पट्टीही झिजलेलीच होती, पण तो हुशार. त्यानं एकाच्या रेघेपासून मोजलं. फक्त शेवटी एक वजा करायचा विसरला.

"आधी शून्य बघा, मग मोजा," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मीच थांबले. कारण ते वाक्य माझं नव्हतंच. ते आमच्या अण्णांचं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या एका शेडमध्ये त्यांचं ग्राइंडिंगचं मशीन होतं. उद्यमनगर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. एका गल्लीत ओतकाम, दुसऱ्या गल्लीत लेथ, तिसऱ्या गल्लीत ड्रिलिंग. सगळीकडे तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. शेतातल्या पंपांची डिझेल इंजिनं असतात ना, त्यांचे सुटे भाग या गल्ल्यांमधून तयार होऊन बाहेर पडायचे. अण्णा करायचे गजन पिना. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. त्याला खालच्या दांड्याशी, म्हणजे कनेक्टिंग रॉडशी जोडणारी ही गुळगुळीत, गोल पीन. दिसायला अगदी साधी. पण ती जाडीला जरा जास्त झाली तर बसायचीच नाही, आणि जरा कमी झाली तर इंजिन खडखडायला लागेल.

'जरा' म्हणजे किती? सांगते. एक मिलिमीटर घ्या, त्याचे हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरचा एक केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. अण्णांच्या पिनेची जाडी हवी होती २५ मिलिमीटर. त्याच्या वर एक मायक्रॉनसुद्धा चालायचा नाही. खाली १३ मायक्रॉनपर्यंत सूट. म्हणजे केसाची उभी चिरफाड करून पाच-सहा भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढ्या जागेत अण्णांना आपलं काम बसवायचं होतं. तेही दिवसाला शे-दीडशे वेळा!

एवढं बारीक मोजायचं कशानं? अण्णांकडे एक मायक्रोमीटर होता. इंग्रजी यू अक्षरासारखी पोलादी कमान आणि तिच्यातून आत-बाहेर सरकणारा बारीक आट्यांचा स्क्रू. स्क्रूचा पूर्ण एक फेरा झाला की तो अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो. फिरणाऱ्या नळीवर ५० रेघा असतात, म्हणजे एक रेघ झाली मिलिमीटरचा शंभरावा भाग, दहा मायक्रॉन. तिचेही पुन्हा दहा भाग करणाऱ्या आणखी काही रेघा अण्णांच्या मायक्रोमीटरवर होत्या. त्या वाचायला नजर मात्र घारीची हवी. रोज सकाळी ते मलमलच्या फडक्यानं त्याची दोन्ही तोंडं पुसायचे, तोंडाला तोंड लावून बघायचे, की शून्याशी शून्य जुळतंय ना. मग पीन मध्ये धरायची आणि टोकाची मूठ फिरवायची. कट्, कट्, कट्. तीन वेळा आवाज आला की बास. त्याहून जास्त आवळायचं नाही, नाहीतर माप दाबलं जातं.

"आधी शून्य बघ, मग जॉब बघ," ते मला म्हणायचे. कारखान्यात ज्या तुकड्यावर काम चालू असतं त्याला 'जॉब' म्हणतात. मी तेव्हा सातवीत जाणार होते. सुट्टीत डबा घेऊन शेडवर जायचे आणि तो कट् कट् आवाज ऐकत बसायचे.

ही गोष्ट त्या सुट्टीतलीच, २००१ सालच्या मे महिन्यातली.

एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्याची दोनशे पिनांची ऑर्डर अण्णांना मिळाली होती. एवढी मोठी पहिल्यांदाच. ती पार पडली की मला सायकल घ्यायची, असं ठरलं होतं. हायस्कूल घरापासून लांब होतं. रंगसुद्धा मी ठरवून ठेवला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी मशीनचा कुलंटचा पंप बिघडला. ग्राइंडिंग करताना घासून घासून जॉब तापतो, म्हणून त्याच्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, ते कुलंट. पंप दुरुस्त करणारा मिळेना आणि संध्याकाळी माल न्यायला टेम्पो येणार होता. अण्णांनी मगानं थोडं थोडं पाणी ओतत काम संपवलं. एकेक पीन काढली की लगेच मोजायची. २४.९९० मिलिमीटर भरली की खोक्यात ठेवायची. मी स्वतः बघत होते. एकही पीन त्यांनी न मोजता ठेवली नाही.

तिसऱ्या दिवशी टेम्पो परत आला. १३७ पिना पास, ६३ नापास. नापास पिनांच्या टोकांना लाल रंग लावलेला होता आणि सोबत आकडे छापलेला एक कागद. प्रत्येक पिनेपुढे १६, १७, १८ असे आकडे आणि त्यांच्या आधी वजाची खूण. म्हणजे पिना १३ मायक्रॉनची मर्यादा ओलांडून बारीक झाल्या होत्या. जाड पीन पुन्हा घासता येते, पण बारीक झालेल्या पिनेला वाढवणार कसं? ती गेली ती गेलीच. पोलाद अण्णांनी उधारीवर आणलेलं होतं.

"असं कसं होईल?" अण्णा म्हणाले. त्यांनी मायक्रोमीटर काढला, शून्य बघितलं आणि लाल टोकाची एक पीन मोजली. २४.९८३. पुन्हा मोजली. २४.९८३. दुसरी घेतली, तिसरी घेतली. कागदावरचे आकडे बरोबर होते.

टेम्पोबरोबर आलेला माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "अण्णा, आता वय झालं. चष्म्याचा नंबर बदला. तिथं इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे, ते काय चुकतंय होय?"

आणि मग मी बोलले. आजही आठवलं की मान खाली जाते. मी म्हणाले, "अण्णा, तुम्हाला नीट दिसलं नसणार. यंत्र कसं चुकेल?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवला आणि पेटी फळीवर मागे सरकवून दिली. रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "मी ९९० बघितलं होतं गं." एवढंच. आई म्हणाली, "बघितलं असेल तर असेलच." आईला मायक्रॉन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण तिनं अण्णांवर विश्वास ठेवला. मला सगळं माहीत होतं, आणि मी मात्र ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा विचारायला त्या कारखान्यात निघाले. भांडायला नव्हे, यंत्र बघायला. मला म्हणाले, "चल, तुझ्या न चुकणाऱ्या यंत्राला भेटू." ते रागानं म्हणाले की गमतीनं, ते मला तेव्हा कळलं नाही. बसमध्ये ते खिडकीपाशी बसले होते आणि एक लाल टोकाची पीन त्यांनी उजव्या मुठीत घट्ट धरली होती. पूर्ण रस्ताभर ती मूठ काही उघडली नाही.

कारखान्यातल्या मापनाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायला लावल्या. आत ए.सी.ची गार हवा. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत अंगावर काटा! तिथं डिप्लोमा झालेल्या एक मॅडम होत्या. वयानं लहानच, पण फार समजूतदार. "या काका, बसा," म्हणाल्या.

आणि मी ते यंत्र पाहिलं. मला वाटलं होतं, खोलीभर मोठं काहीतरी असेल, दिवे लुकलुकत असतील. तिथं होती एक जाडजूड लोखंडी बैठक, तिला एक उभा खांब, खांबाला टांगलेली बॉलपेनाएवढी नळी आणि नळीतून निघालेली वायर. वायरीच्या दुसऱ्या टोकाला आकडे दाखवणारी एक पेटी. बस्स!

"ह्या नळीला प्रोब म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "हिच्या आत तारेची तीन वेटोळी आहेत. चल, तुला दाखवते." त्यांनी कागदावर चित्र काढलं. ते मला इतकं पटलं, की आजही मी फळ्यावर तसंच काढते.

कल्पना करा, एका ओळीत तारेची तीन वेटोळी आहेत. मधल्या वेटोळ्यातून वीज सोडायची. साधी नव्हे, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी. असं केलं की शेजारच्या दोन्ही वेटोळ्यांत, त्यांना तार न जोडतासुद्धा वीज उमटते! हे मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं १८३१ साली दाखवून दिलं. तुमच्या गल्लीतल्या डीपीत जो ट्रान्सफॉर्मर असतो ना, तोही याच तत्त्वावर चालतो. ही नळी म्हणजे त्याची चिमुकली बहीण म्हणा.

आता गंमत पुढेच आहे. बाजूची दोन वेटोळी एकमेकांना उलटी जोडलेली असतात. म्हणजे रस्सीखेचच! एक इकडे ओढतं, दुसरं तिकडे. तिन्ही वेटोळ्यांच्या पोकळीतून लोखंडाची एक बारीक कांडी सरकते. कांडी बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही बाजूंचा जोर सारखा, दोरीवरचा रुमाल मधोमध, आणि पेटीवर आकडा शून्य. कांडी केसाच्या शंभराव्या भागाइतकी जरी वर गेली, तरी एका वेटोळ्याचा जोर वाढतो, दुसऱ्याचा कमी होतो. तो फरक पेटी पकडते, मोठा करते आणि आकड्यात दाखवते. कांडी वर गेली की खाली गेली, तेही अधिक-वजाच्या खुणेनं कळतं. कांडीचं खालचं टोक जॉबवर टेकलेलं असतं. जॉब जाड, तर कांडी वर. जॉब बारीक, तर कांडी खाली. कांडी वेटोळ्यांना कुठेच घासत नाही, म्हणून वर्षानुवर्षं झिजत नाही. आणि जॉबवर ती टेकते तीही दर वेळी तितक्याच अलगद. एका लिंबाच्या वजनाएवढा दाब, जास्त नाही की कमी नाही. अण्णांचं ते तीन वेळा कट्, कट्, कट् ऐकणं हे नळीतली स्प्रिंग आपोआप करत होती. या रचनेला एलव्हीडीटी असं लांबलचक नावाचं लघुरूप आहे.

"पण मॅडम," अण्णा म्हणाले, "ह्याला २५ मिलिमीटर म्हणजे केवढं, ते कुणी सांगितलं?"

मॅडम हसल्या. "काका, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ह्याला २५ कळतच नाही! ह्याला फक्त फरक कळतो." त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. आत आरशासारखे चकचकीत पोलादाचे चौकोनी ठोकळे ओळीनं लावलेले होते. त्यातला २५ मिलिमीटरचा ठोकळा त्यांनी प्रोबखाली ठेवला आणि शून्याचं बटण दाबलं. "हे ह्याचं शून्य. आता जॉब ठेवला की ठोकळ्यापेक्षा तो किती कमी-जास्त, तेवढंच हे सांगणार. ठोकळा चुकला, तर हे बिनचूकपणे चूकच सांगत बसेल."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. 'आधी शून्य बघ' हे त्यांना तोंडानं म्हणावं लागलंच नाही.

त्या ठोकळ्यांना स्लिप गेज म्हणतात. त्यांची गोष्ट मी पुढे डी.एड. झाल्यावर वाचली, पण इथंच सांगून टाकते. स्वीडनमध्ये कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचा एक कारागीर बंदुकांच्या कारखान्यात कामाला होता. तिथं प्रत्येक मापासाठी वेगळं गेज लागायचं, हजारो मापं आणि हजारो गेज. १८९६ साली जर्मनीतल्या एका कारखान्याला भेट देऊन परतताना त्याला आगगाडीत सुचलं, की थोडेच ठोकळे असे निवडले की ते एकमेकांवर रचून हवं ते माप जुळवता येईल तर? त्याच्या एका संचात फक्त १०२ ठोकळे होते आणि त्यांतून सुमारे २०,००० मापं जुळायची! ठोकळ्यांचे पृष्ठभाग इतके सपाट, की एकावर एक दाबून सरकवले की डिंकाशिवाय आणि चुंबकाशिवाय एकमेकांना चिकटून बसतात. आणि हे ठोकळे घासायला त्यानं सुरुवातीला कुठलं यंत्र वापरलं असेल? बायकोचं शिवणयंत्र! त्यालाच त्यानं घासायचं चाक जोडलं. हे मी अण्णांना सांगितलं, तर ते आमच्या घरातल्या शिलाई मशीनकडे असे काही बघायला लागले, की आई म्हणाली, "हात तर लावून बघा!"

असो. आपण होतो मापनाच्या खोलीत.

"आता तुमची पीन द्या," मॅडम म्हणाल्या. अण्णांनी मूठ उघडली. पिनेवर घामाचे ठसे उमटले होते. मॅडमनी ती पुसली आणि प्रोबखाली ठेवली.

पेटीवर आकडा आला, वजा १४.

"काल तर कागदावर हिचे वजा १७ होते," अण्णा म्हणाले. पिनेवर नंबर घातलेला होता, त्यावरून ते लगेच कळलं. मॅडमनी कागद पाहिला. वजा १७च. मी मनात म्हटलं, 'चुकलं! यंत्र चुकलं!' आणि मला फार म्हणजे फारच आनंद झाला.

पण मॅडम म्हणाल्या, "हात नका लावू. जरा थांबा."

आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. चहा आला. पिनेला कुणीही हात लावला नव्हता, खोलीत कसला हादराही नव्हता. तरी वजा १४ चा वजा १५ झाला. चहा अर्धा झाला तेव्हा वजा १६. आणि आणखी थोड्या वेळानं वजा १७. तिथं मात्र आकडा जो थांबला तो थांबलाच.

"तुमच्या मुठीत ती गरम झाली होती, काका," मॅडम म्हणाल्या. "गरम झालं की पोलाद फुगतं. आता ह्या खोलीइतकी गार झाली, आक्रसली."

रेल्वेच्या रुळांत उन्हाळ्यासाठी फट ठेवतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. मीही शिकले होते, परीक्षेत दोन गुणही मिळवले होते. पण बोटाएवढी पीन नुसती हाताच्या उबेनं फुगते आणि ते फुगणं डोळ्यांनी मोजता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. पोलादाचा एक मीटर लांबीचा दांडा एका अंशानं तापला तर साधारण साडेअकरा मायक्रॉननं वाढतो. मुठीतली पीन खोलीपेक्षा दहा अंशांनी गरम होती. २५ मिलिमीटर जाडीचा हिशेब करून बघा. तीन मायक्रॉनच्या जवळपास उत्तर येतं की नाही?

अण्णा मात्र हिशेब करत नव्हते. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला होता. ते हळूच म्हणाले, "पंप."

"काय?"

"त्या दिवशी दुपारी पंप बंद पडला होता. मी मशीनवरनं काढली की तशीच गरम पीन मोजत होतो. आणि माझ्या हाताला काय, गरम कळतंय होय!" त्यांनी तळहात पुढे केले. तीस वर्षं लोखंड हाताळून ते चामड्यासारखे झाले होते. आई म्हणायची, तव्यावरची भाकरी हे हातानं उलटतात.

मॅडमनी कागदावर मांडलं. पीन शेडमधल्या हवेपेक्षा २५ अंशांनी गरम असेल, तर ती सात मायक्रॉनच्या आसपास फुगलेली असणार. ९९० मधून सात गेले, राहिले ९८३. आणि नापास पिना नेमक्या ६३च का? कारण पंप बिघडल्यानंतर केलेल्या पिना तेवढ्याच होत्या. सकाळच्या १३७ पिना, त्याच मायक्रोमीटरनं आणि त्याच डोळ्यांनी मोजलेल्या, सगळ्या पास झाल्या होत्या. ही गोष्ट कागदावर आमच्या समोरच होती, पण आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

मी एक शंका विचारली. तुमच्याही मनात आली असेल. आमच्या शेडमध्ये तर मे महिन्यात नेहमीच भट्टी पेटलेली असते. मग उन्हाळ्यातली सगळीच मापं खोटी म्हणायची का? मॅडम म्हणाल्या, "नाही गं. मायक्रोमीटरही पोलादाचा आणि पीनही पोलादाची. दोघं एकाच हवेत बराच वेळ ठेवले, तर दोघंही सारखेच फुगतात, फरक कळतच नाही. गडबड होते ती एक गरम आणि एक गार असला तर. किंवा एक पोलादाचा आणि एक अॅल्युमिनियमचा असला तर, कारण अॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं." म्हणूनच जगभर ठरलेलं आहे, की कुठल्याही भागाचं माप सांगायचं ते २० अंश सेल्सिअसला. हे १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. माप आणि तापमान यांची जोडी तेव्हापासून पक्की झाली.

तुम्हाला वाटेल, मग त्या ६३ पिना पास झाल्या असतील. नाही झाल्या. बारीक झालेली पीन बारीकच असते. कारण कळलं म्हणून ती इंजिनात बसत नाही. उधारी फिटायला दिवाळी उजाडली आणि सायकल आणखी एका वर्षानं आली, तीही जुनी आणि माझ्या न आवडत्या तपकिरी रंगाची.

पण त्या दिवशी परत येताना बसमध्ये अण्णा चक्क गुणगुणत होते. नजर शाबूत होती, हात शाबूत होते. घरी आल्यावर त्यांनी फळीवरची पेटी पुढे ओढली. मी जवळ जाऊन म्हणाले, "अण्णा, मला मायक्रोमीटर शिकवा." माफी मागायला गेले होते, पण तोंडातून निघालं हे. ते म्हणाले, "हात धुऊन ये. आणि आधी काय बघायचं?"

त्यानंतर शेडमध्ये एक नवा नियम झाला. घासून झालेल्या पिना रात्रभर लोखंडी सरफेस प्लेटवर मायक्रोमीटरच्या शेजारी झोपवायच्या आणि सकाळी मोजायच्या. गल्लीतले लोक हसायचे. "अण्णा पिनांना अंगाई म्हणतात," म्हणायचे. पुढे त्यातल्या दोघातिघांनी तेच करायला सुरुवात केली, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आता अण्णा काम करत नाहीत. शेडमध्ये दुसरे लोक आहेत आणि त्यांच्याकडे स्वतःचा इलेक्ट्रॉनिक प्रोब आहे. आकडे थेट संगणकात जातात. अण्णा कधीमधी तिथं जाऊन बसतात. तिथल्या पोरांना त्यांचा एकच प्रश्न असतो, "मास्टर ठोकळा कधी तपासून आणला?" कारण ठोकळासुद्धा झिजतो. तो वरच्या प्रयोगशाळेतून तपासून आणावा लागतो, तिची साधनं तिच्याहून वरच्या प्रयोगशाळेतून, आणि ही साखळी आपल्या देशात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. तिथून पुढे मीटरचं माप कुठल्या धातूच्या पट्टीवर नाही, तर प्रकाशाच्या वेगावर ठरलेलं आहे, १९८३ पासून.

गेल्या वर्षी मी वर्गासाठी एक डिजिटल कॅलिपर घेतला. त्याच्या आत वेटोळी नसतात. पट्टीत आणि सरकत्या भागात धातूच्या बारीक पट्ट्या लपवलेल्या असतात. त्या एकमेकींसमोरून सरकल्या, की त्यांच्यात विजेचा भार साठवण्याची क्षमता कमी-जास्त होते आणि ती मोजून आतलं यंत्र अंतर ओळखतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग तो ऐटीत दाखवतो. सोबतच्या कागदावर मात्र बारीक अक्षरात लिहिलंय, की दोन-तीन शतांशांची चूक होऊ शकते. बारीक अक्षरं वाचायची सवय मुलांना लावावी, असं मला फार वाटतं. (आणि पालकांनाही. पण ते राहू द्या.)

त्या कॅलिपरवर शून्याचं बटण आहे. कॅलिपरचं तोंड कितीही उघडं असू दे, बटण दाबलं की तिथंच शून्य! पेन्सिलीच्या भांडणानंतर मी तो बाहेर काढला, तर एका बहाद्दरानं तोंडात खोडरबर धरून बटण दाबलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "बाई, ह्या रबराला जाडीच नाही!" वर्ग हसून हसून लोळला. पण मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी कधी बोलत नाही, ती हळूच म्हणाली, "रबराला जाडी आहे. ह्यानं शून्य चोरलं."

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पीन ठेवलेली असते. टोकाला लाल रंग आहे, आता पुसट झालाय. त्या दिवशी मी ती वर्गात फिरवली. प्रत्येकानं हातात घेतली, मुठीत दाबून पाहिली, गालाला लावली. फिरत फिरत ती शेवटच्या बाकावरून परत आली तेव्हा चांगलीच ऊबदार झाली होती.

"बाई, ही आत्ता बरोबर किती जाड आहे?" खोडरबरवाल्यानं कॅलिपर सरसावून विचारलं.

"ठेव टेबलावर," मी म्हटलं. "कॅलिपरही तिच्या शेजारी ठेव. मधल्या सुट्टीनंतर बघू."